धावणाऱ्यांची झोळी

डिसेंबर २००२ मध्ये हैदराबादच्या पश्चिमेला, गच्चीबावलीच्या खडकाळ माळावर उभ्या केलेल्या नव्या क्रीडांगणात ३२व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या. त्या वर्षीच्या मार्चमध्ये हेलिकॉप्टर अपघातात लोकसभेचे अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांचं निधन झालं होतं. मैदानाला त्यांचंच नाव दिलं गेलं. पुढच्या वर्षी, २४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर २००३ या काळात, त्याच शहरात आफ्रो-आशियाई स्पर्धा झाल्या. २००३ मध्येच हैदराबादेत ‘१०-के रन’ सुरू झाली. हुसेन सागराच्या काठाने जाणाऱ्या नेकलेस रोडवर दहा किलोमीटर धावायला पदकाची आशा नसलेली साधी माणसं उतरू लागली. नोव्हेंबरातली ही दौड शहराच्या पंचांगात सणासारखी जाऊन बसली.

शहराला धावण्याची सवय लागली ती अशी, मोठ्या स्पर्धांच्या पाठोपाठ. मात्र या लेखाचा विषय त्या सवयीला जोडून आलेली दुसरी सवय आहे. आपण धावायचं आणि आपल्या धावण्याच्या निमित्ताने ओळखीच्यांकडून तिसऱ्याच कुणासाठी पैसे गोळा करायचे, ही ती सवय. पहिली सवय हैदराबादने वीस वर्षांत पक्की केली. दुसरी अजून अंगवळणी पडायची आहे. ती का पडावी, हे समजायला तिचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो, आणि तो आपल्या समजुतीपेक्षा आपल्या जास्त जवळचा आहे.

माणशी एक पैसा

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे या शिक्षकाच्या मनात एक योजना आली. देशी उद्योग उभे करायला राजे-सावकारांच्या दारात जाण्यापेक्षा प्रत्येक माणसाकडून वर्षाला एक पैसा का मागू नये? एक पैसा कुणालाही जड नाही, आणि देणाऱ्यांची संख्या लाखांत गेली तर भांडवल उभं राहतं. लोकमान्य टिळकांनी या ‘पैसा फंडा’च्या पाठीशी बळ उभं केलं. गावोगावच्या स्वयंसेवकांनी डबे फिरवले, आणि त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला. रक्कम लहान ठेवली की कुणाला संकोच वाटत नाही आणि दाता हा त्या कामाचा भागीदार होतो, हे तेव्हाच्या महाराष्ट्राला नेमकं कळलं होतं.

पायपीट आणि देणगी यांची सांगड घालणारे महर्षी धोंडो केशव कर्वे याच काळातले. १९०० मध्ये त्यांचा अनाथ बालिकाश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि आश्रम सांभाळायला पायी हिंगणं गाठायचं, असा त्यांचा क्रम होता. देणगी मागायला ते कुठल्याही दारात गेले आणि मिळालेल्या छोट्यातल्या छोट्या रकमेचा हिशेब त्यांनी ठेवला. त्यांच्या सहकारी पार्वतीबाई आठवले तर निधी जमवायला अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. मागणाऱ्याने स्वतः कष्ट सोसलेले दिसले की त्याच्या शब्दाला वजन येतं, हे कर्व्यांना पाहून महाराष्ट्राने ओळखलं.

हैदराबादचे मराठी लोकही याच रीतीने वाढले. १९०७ मध्ये निजामाच्या राजधानीत विवेक वर्धिनी पाठशाळा सुरू झाली. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्यासारख्या माणसांनी त्या काळी संस्थानात शिक्षणाचं काम धरून ठेवलं. राज्यकारभाराची भाषा उर्दू असताना मराठी शाळा चालवणं लोकांच्या आधारावाचून शक्य नव्हतं. तेलुगू समाजातही मागण्याची परंपरा जोरकस आहे. १९ नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळाने कृष्णा जिल्ह्यातल्या दिविसीमाची वाताहत केली, तेव्हा एन. टी. रामाराव आणि अक्किनेनी नागेश्वरराव हे तेलुगू पडद्याचे दोन सर्वांत मोठे नट मदत मागत रस्त्यावर उतरले. ज्यांना पाहायला लोक तिकीट काढत, ते स्वतः लोकांपुढे हात पसरून उभे राहिले. दख्खनला निधी गोळा करणं कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. त्याला धावण्याची जोड मिळायची तेवढी राहिली होती, आणि ती जोड कॅनडातल्या एका तरुणाने दिली.

माणशी एक डॉलर

टेरी फॉक्स १८ वर्षांचा असताना, मार्च १९७७ मध्ये, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. रुग्णालयात त्याने आपल्याहून लहान मुलांचे हाल पाहिले आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा उभा करायचं ठरवलं. १२ एप्रिल १९८० रोजी कॅनडाच्या पूर्व टोकाला, सेंट जॉन्स इथे, त्याने आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पश्चिमेकडे धावायला सुरुवात केली. रोज साधारण एका मॅरेथॉनएवढं, म्हणजे ४२ किलोमीटरच्या आसपास, अंतर कापायचं. त्या काळचे कृत्रिम पाय चालण्यासाठी केलेले असत, धावण्यासाठी नव्हे. त्यामुळे चांगल्या पायावर दोनदा उडी घ्यायची आणि मग कृत्रिम पाय टाकायचा, अशी त्याची चाल बनली होती.

सुरुवातीला त्याच्याकडे फार कुणी वळून पाहिलं नाही. मग इसाडोर शार्प या हॉटेल व्यावसायिकाने दर मैलाला दोन डॉलर द्यायचं जाहीर केलं आणि आणखी ९९९ कंपन्यांना तसंच करायचं आवाहन केलं. शार्पचा स्वतःचा मुलगा कर्करोगाने गेला होता. दर मैलामागे ठरावीक रक्कम, या कल्पनेने धावण्याला आणि देण्याला एकाच मापात बसवलं. टेरीने पुढे आपलं उद्दिष्ट बदललं. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २.४ कोटी होती, आणि त्याने माणशी एक डॉलर मागितला.

तळेगावच्या पैसा फंडाची माहिती असलेल्या मराठी माणसाला ही मागणी वाचताना ओळख पटल्यासारखी वाटते. ऐंशी वर्षांच्या अंतराने, जगाच्या दोन टोकांना, एका शिक्षकाला आणि एका कर्करुग्णाला तोच हिशेब सुचला. काळ्यांनी माणशी एक पैसा मागितला तो उद्योगासाठी, टेरीने एक डॉलर मागितला तो औषधासाठी. दोघांचीही भिस्त देणाऱ्यांच्या संख्येवर होती.

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ टेरीला थांबावं लागलं. कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला होता. १ फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २.४१ कोटी डॉलरवर गेला. माणशी एक डॉलर पुरा झाला. २८ जून १९८१ रोजी, २३वा वाढदिवस महिन्याभरावर असताना, टेरी गेला. त्या सप्टेंबरात कॅनडाभर त्याच्या नावाने पहिली दौड निघाली आणि सुमारे तीन लाख लोक धावले. पुढे ही दौड अनेक देशांत पोहोचली. मुंबईतल्या टेरी फॉक्स रनचा पैसा टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या कर्करोगाच्या कामासाठी वापरला गेला.

मैलाला दर, धावकाला जागा

टेरीच्या धावेत स्पर्धा नव्हती. तिला शर्यतीची चौकट मिळाली लंडनमध्ये. क्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली यांनी २९ मार्च १९८१ रोजी पहिली लंडन मॅरेथॉन घेतली. १९८४ पासून शर्यतीने दरवर्षी एक अधिकृत सेवासंस्था निवडायला सुरुवात केली. १९९३ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. शर्यतीत धावायला इच्छुक फार आणि जागा मोजक्या, म्हणून संस्थांना ठरावीक जागा विकत घेण्याची सोय दिली गेली. संस्था ती जागा एखाद्या धावकाला देते आणि तो बदल्यात ठरलेली रक्कम जमवून देण्याचं वचन देतो. आज लंडन मॅरेथॉन ही एका दिवसात सर्वाधिक निधी उभा करणारी जगातली वार्षिक शर्यत म्हणून ओळखली जाते.

अमेरिकेत १९८८ मध्ये ब्रूस क्लेलँड नावाच्या एका वडिलांनी, ज्यांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता, ३८ जणांचा गट घेऊन न्यूयॉर्क मॅरेथॉन धावली आणि ३ लाख २२ हजार डॉलर जमवले. त्यात नवं हे होतं की गटाने मिळून सराव केला. ज्यांनी कधी मॅरेथॉन धावली नव्हती त्यांना प्रशिक्षण मिळालं आणि त्या बदल्यात त्यांनी निधी जमवला. नवख्याला पैसे मागायचं धैर्य सरावाच्या सोबत्यांमुळे येतं, हा धडा पुढे सगळीकडे उपयोगी पडला.

मुंबई, १५ फेब्रुवारी २००४

भारतात ही रीत रुजली ती मुंबईत. अनिल आणि विवेक सिंह या भावांच्या प्रोकॅम या कंपनीने १५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिली आंतरराष्ट्रीय दर्जाची मुंबई मॅरेथॉन घेतली. पूर्ण मॅरेथॉन दक्षिण आफ्रिकेच्या हेंड्रिक रमालाने जिंकली. त्याच सकाळी, मोठ्या अंतराच्या पाठोपाठ, ‘ड्रीम रन’ नावाची सुमारे सहा किलोमीटरची दौडही झाली. तिथे वेळेची नोंद महत्त्वाची नव्हती. हातात फलक घेतलेले कर्मचारी, शाळकरी मुलं, वृद्ध आणि चाकाच्या खुर्चीतले स्पर्धक शहराच्या मधोमध चालले. मुंबईने एवढ्या विविध कारणांसाठीची माणसं एकाच रस्त्यावर क्वचितच पाहिली होती.

निधीची बाजू सुरुवातीला ‘गिव्ह इंडिया’ने आणि २००९ पासून ‘युनायटेड वे मुंबई’ने सांभाळली. रचना साधी होती आणि म्हणूनच टिकली. आधी संस्थांची नोंदणी आणि तपासणी व्हायची. मग धावक आपल्याला पटलेली संस्था निवडायचा, जमवायच्या रकमेचं उद्दिष्ट ठरवायचा आणि ओळखीच्यांना कळवायचा. देणगी संस्थेकडे जायची, पावती देणाऱ्याला मिळायची. कंपन्यांसाठी वेगळी वाट होती. त्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या तुकड्यांसाठी जागा घ्यायच्या आणि त्यामागची रक्कम संस्थेला द्यायच्या. शर्यतीचा प्रायोजक पुढे बदलला, २०१८ पासून टाटांचं नाव लागलं, पण ही चौकट तशीच राहिली. पहिल्या वर्षी एक कोटीच्या वर गेलेला निधी २०१९ मध्ये चाळीस कोटींच्या वर पोहोचला होता.

या आकड्याकडे पाहताना एक गोष्ट विसरता कामा नये. रस्ता धावणाऱ्याला पैसे देत नाही. प्रत्येक रुपया कुणीतरी कुणाला तरी मागितला म्हणून आला. मुंबईच्या शर्यतीत जिंकणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून येतात. मात्र निधीच्या मोठ्या वाट्यामागे असतात ते लोक, ज्यांनी महिनाभर नातेवाईक, शाळेतले मित्र आणि कचेरीतले सहकारी यांना पत्रं लिहिली, आठवण करून दिली आणि नकार ऐकूनही पुढच्या माणसाकडे गेले.

हुसेन सागर ते गच्चीबावली

मुंबईची शर्यत रुजत असताना हैदराबादही बदलत होतं. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींनी सायबर टॉवर्स या माहिती-तंत्रज्ञान संकुलाचं उद्घाटन केलं होतं. मायक्रोसॉफ्टने भारतातलं आपलं विकास केंद्र त्याच वर्षी इथे उघडलं. माधापूर आणि गच्चीबावलीत देशभरातून नोकरीला आलेली तरुण माणसं राहू लागली. पुणे, नागपूर, लातूर, नांदेड इथून आलेली मराठी मुलंमुली त्यांत मोठ्या संख्येने होती. दिवसभर खुर्चीवर काम करणाऱ्या या पिढीला पहाटेचं धावणं हा उपाय सापडला, आणि नव्या शहरात ओळखी व्हायचा रस्ताही.

२००७ मध्ये राजेश वेच्चा यांच्या पुढाकाराने ‘हैदराबाद रनर्स’ हा गट तयार झाला. केबीआर उद्यानाभोवती, नेकलेस रोडवर आणि गंडीपेटकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी त्यांचे लांब पल्ल्याचे सराव होऊ लागले. २०११ पासून या गटाच्या आयोजनाखाली ऑगस्टमध्ये हैदराबाद मॅरेथॉन सुरू झाली. आधी ती एअरटेलच्या, नंतर शहरातच मुख्यालय असलेल्या एनएमडीसी या सरकारी खाण कंपनीच्या नावाने ओळखली गेली. आज तिच्या सगळ्या अंतरांत मिळून वीस हजारांहून जास्त लोक धावतात.

ही शर्यत सोपी नाही, आणि यातच तिचा अभिमान आहे. नेकलेस रोडवरच्या पीपल्स प्लाझापासून निघून राजभवन रोड, पंजागुट्टा असं चढत जायचं. दख्खनच्या पठाराचे चढउतार आणि शहरातले उड्डाणपूल मिळून पाय दमवतात. ऑगस्टची हवा दमट असते. सप्टेंबर २०२० मध्ये दुर्गम चेरुवु तलावावरचा केबल पूल खुला झाल्यावर तोही या वाटेचा भाग झाला. शेवट गच्चीबावलीच्या त्याच बालयोगी मैदानात होतो. चांगली वेळ नोंदवायची असेल तर धावक सपाट आणि थंड शहरं शोधतात. हैदराबादला येतात ते ही वाट पार करण्यासाठी. देणगी मागणाऱ्या धावकाच्या दृष्टीने कष्टाची वाट ही उलट जमेची बाजू आहे, कारण देणाऱ्याला त्या कष्टांचा अर्थ लगेच कळतो.

या शहरात धावणं आणि दुसऱ्यासाठी धावणं यांचा संबंध अनेक माणसांनी आपापल्या परीने जोडला. किरण कनोजिया हैदराबादेत इन्फोसिसमध्ये काम करत होत्या. डिसेंबर २०११ मध्ये घरी जाताना रेल्वेत चोरांनी बॅग हिसकावली, त्या गाडीखाली पडल्या आणि त्यांचा डावा पाय गेला. हैदराबादच्या पुनर्वसन केंद्रात त्यांनी धावण्यासाठीचा, पात्याच्या आकाराचा कृत्रिम पाय बसवून घेतला, तिथल्या इतर अपंग धावकांबरोबर सराव केला आणि शहरातल्या शर्यतींत उतरल्या. टेरी फॉक्सला ज्या सोयीवाचून अर्धा खंड पार करावा लागला, ते कार्बन तंतूचं पातं आता उपलब्ध आहे, पण त्याची किंमत लाखांत जाते. साध्या नोकरदाराला ते परवडत नाही. म्हणूनच अपंग खेळाडूंसाठी निधी जमवणारी कामं इथे महत्त्वाची ठरली. पायाला अपंगत्व आलेले हैदराबादचे सायकलपटू आदित्य मेहता यांनी २०१३ मध्ये काढलेल्या प्रतिष्ठानाने ‘इन्फिनिटी राइड’ या लांब पल्ल्याच्या सायकल मोहिमांतून अपंग खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी पैसा उभा केला. चाकं असली तरी तत्त्व टेरी फॉक्सचंच.

कर्करोगाच्या बाबतीतही तसंच. मिलिंद सोमण यांनी २०१२ मध्ये स्त्रियांसाठी सुरू केलेली ‘पिंकेथॉन’ मुंबईहून इतर शहरांत आणि हैदराबादेतही पोहोचली. स्तनाच्या कर्करोगाबद्दल बोलायला लाजणाऱ्या हजारो बायका तिच्यामुळे रस्त्यावर आल्या. सोमण त्याच वर्षी सौरदिव्यांच्या मोहिमेला पाठिंबा म्हणून दिल्ली ते मुंबई असे १,५०० किलोमीटर ३० दिवसांत धावले होते. हैदराबादच्या ग्रेस कॅन्सर फाउंडेशनची दौड ऑक्टोबरच्या सुमारास होते. ही संस्था मोफत कर्करोग तपासणीचं काम करते. ऑगस्ट २०१७ च्या हैदराबाद मॅरेथॉनमध्ये शहरातल्या एका महिलेने हातमागाची साडी नेसून पूर्ण ४२ किलोमीटर धाव पुरी केली, विणकरांकडे लोकांचं लक्ष वेधण्यासाठी. पुढच्याच वर्षी मुंबईच्या क्रांती साळवींनी बर्लिनमध्ये नऊवारीत मॅरेथॉन धावून ३ तास ५७ मिनिटांची वेळ नोंदवली आणि साडीतल्या सर्वांत वेगवान मॅरेथॉनचा गिनीज विक्रम केला. धावणाऱ्या बाईच्या अंगावर काय आहे यानेही एखाद्या कामाची दखल घेतली जाऊ शकते, हे या दोघींनी दाखवलं.

तीन प्रकारच्या दौडी

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण त्यावाचून पैशाची बाजू समजत नाही. ‘सेवेसाठी दौड’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. पहिली, जागृतीची दौड: हेतू लोकांपर्यंत निरोप पोहोचवण्याचा, पैसा जमला तर जमला. दुसरी, प्रवेश शुल्काची दौड: तुम्ही भरलेल्या पैशातून टी-शर्ट, वेळ मोजणारी चिप, पाणी, रुग्णवाहिका आणि रस्त्याचा बंदोबस्त यांचा खर्च निघतो, आणि उरलं तर काही भाग संस्थेला जातो. तिसरी, निधीची दौड: धावक शुल्काव्यतिरिक्त स्वतः देणग्या मागतो आणि त्या संस्थेकडे जातात. पहिल्या दोन्हींचंही मोल आहे. पण शुल्क भरलं म्हणजे दान झालं असं समजणारा धावक आपली फसगत करून घेतो. हैदराबादच्या वीस वर्षांत पहिल्या दोन प्रकारांनी रस्ते भरले. शहराची खरी ताकद तिसऱ्या प्रकारात अजून वापरायची राहिली आहे.

ही ताकद किती मोठी आहे, ते पाहायला कायद्याकडे नजर टाकावी. कंपनी कायदा, २०१३ च्या १३५व्या कलमाने १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक केलं. माधापूर-गच्चीबावलीतल्या अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीत तेवढीच भर घालण्याची सोयही असते. म्हणजे एका धावकाने सहकाऱ्यांकडून जमवलेले २० हजार रुपये कंपनीच्या भरीने ४० हजार होऊ शकतात. २०१० मध्ये सुरू झालेलं मिलाप आणि २०१२ मध्ये सुरू झालेलं केट्टो यांसारख्या संकेतस्थळांमुळे देणगी घेणं आणि पावती देणं मिनिटांचं काम झालं आहे.

देणाऱ्याच्या करातही फायदा असतो. प्राप्तिकर कायद्याखाली देणगीवरच्या वजावटीसाठी नोंदलेल्या संस्थेला दिलेल्या रकमेच्या साधारण निम्म्यावर वजावट मिळते, मात्र जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. दोन हजार रुपयांच्या वरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. परदेशातल्या नातेवाइकांकडे मागायचं असेल तर आणखी जपावं लागतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्गे पाठवलेला पैसा विदेशी देणगी ठरत नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भावाकडून, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी, पैसे घ्यायचे तर संस्थेकडे विदेशी योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी असावी लागते, आणि ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. न्यू जर्सीतल्या काकाने आनंदाने पाठवलेली रक्कम या एका नियमामुळे परत जाऊ शकते.

निकाल आणि आवाहन

या इतिहासाचा निकाल माझ्या मते स्पष्ट आहे. पैसा फंडाचा डबा, कर्व्यांची पायपीट, दिविसीमासाठी रस्त्यावर उतरलेले नट आणि टेरी फॉक्सची १४३ दिवसांची धाव या सगळ्यांत एकच गोष्ट समान आहे. मागणाऱ्याने आधी स्वतःचं काही पणाला लावलं, मग थोडंसं मागितलं, आणि जमलेल्याचा हिशेब दिला. शर्यत ही त्यातली पहिली अट आपोआप पुरी करते. चार-पाच महिने पहाटे उठून सराव करणाऱ्या माणसाने ‘या मुलीच्या उपचारासाठी पाचशे रुपये देशील का?’ असं विचारलं, तर त्या विचारण्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं. उरतात त्या दोन अटी, छोटी रक्कम आणि चोख हिशेब, आणि त्या धावकाच्या हातात आहेत.

हैदराबादेत राहणाऱ्या, पुढच्या ऑगस्टमध्ये पीपल्स प्लाझावर उभ्या राहणाऱ्या मराठी वाचकाला म्हणूनच माझं सांगणं आहे. नोंदणीच्या दिवशीच एक संस्था निवडा, जिचं काम तुम्ही स्वतः जाऊन पाहिलं आहे. तिची करवजावटीसाठीची नोंदणी तपासा. पैसे तुमच्या खात्यात घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. वीस माणसांना प्रत्येकी परवडेल तेवढी रक्कम मागा, कुणी नाही म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. शर्यत संपल्यावर आठवड्याभरात त्या सगळ्यांना जमलेली रक्कम आणि ती कुठे वापरली जाईल हे कळवा. दर वर्षी हजार धावकांनी एवढं केलं तर या शहरातल्या कितीतरी रुग्णालयांचे आणि शाळांचे अडलेले खर्च निघतील, आणि त्यासाठी कोणत्याही सरकारची किंवा प्रायोजकाची वाट पाहावी लागणार नाही.